कावरखे चेकर आणि बर्फाचं बोलावणं

शिवशंकर कावरखे एस.टी.तून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, तरी हिंगोली डेपोत ते दिसले की जुने कंडक्टर अजून सवयीनं तिकिटाच्या मशीनकडे हात नेत. आधी बारा वर्षं कंडक्टर आणि पुढची एकोणीस वर्षं तपासणी पथकात. सेनगाव, कळमनुरी, वसमत, कुठल्याही फाट्यावर गाडी थांबवून चढायचे आणि पहिल्या सीटपासून शेवटच्या सीटपर्यंत एक शब्द न बोलता जायचे. माणूस तिकीट कोणत्या खिशातून काढतो आणि काढताना कुणाकडे बघतो, एवढ्यावर त्यांचा अर्धा निकाल लागलेला असायचा. दुसऱ्याच्या नावाचा पास घेऊन फिरणारे, सवलतीसाठी वय वाढवणारे, चढल्या गावाचं नाव बदलून सांगणारे असे किती पकडले, त्याला गणती नव्हती. लोक त्यांना चेकर म्हणूनच ओळखायचे. साखऱ्याला, त्यांच्या मूळ गावी, भावकीत सोयरीक जमायला लागली की आधी त्यांना निरोप यायचा, जरा पोराची माहिती काढा म्हणून.

अशा माणसाला बँकॉकनं फसवलं.

प्रियदर्शनी ही त्यांची एकुलती एक लेक. नांदेडला भूगोलात एम.एस्सी. करून ती पुण्याला संशोधनाला गेली आणि हिमालयातल्या हिमनद्यांवर काम करू लागली. हिमनदी म्हणजे डोंगरावरून अगदी सावकाश सरकणारी बर्फाची नदी, ती दरसाल किती वितळली आणि किती उरली ते मोजायचं, असं तिनं घरी समजावून सांगितलं होतं. कावरखेंना त्यातलं मोजायचं तेवढं कळलं आणि आवडलं. दोन वर्षांपूर्वी तिला एक पत्र आलं. बँकॉकला जागतिक ध्रुवीय महापरिषद. सोनेरी कडा, चार देशांचे झेंडे आणि वर 'आदरणीय डॉक्टर प्रियदर्शनी कावरखे' असा मायना. तिची पीएच.डी. तेव्हा अर्धीसुद्धा झाली नव्हती. ती म्हणालीही की ओळख ना पाळख, हे लोक माझं एवढं कौतुक काहून करून राहिले. पण कावरखेंनी आयुष्यात पहिल्यांदाच तिकीट उलटं करून बघितलं नाही. लेकीचं नाव सोनेरी अक्षरांत होतं. नोंदणीची फी त्यांनी स्वतः भरली, डेपोत पेढे वाटले, साखऱ्याला जाऊन चावडीवर सांगून आले. परिषदेला तीन आठवडे उरले असताना ती वेबसाइटच नाहीशी झाली. फोन लागेनात. प्रियदर्शनीच्या गाईडनी सांगितलं की असल्या बनावट परिषदा हल्ली सगळीकडे बोकाळल्यात. नव्या संशोधकाला कुठंतरी निबंध वाचायचा असतो, चार लोकांत नाव व्हावं असं वाटत असतं, आणि नेमक्या त्या इच्छेवर ही मंडळी जगतात.

पैसे गेले ते गेले. पण डेपोतला एक ड्रायव्हर चहा पिता पिता म्हणाला, "चेकरसाहेब, बँकॉकची गाडी बिनतिकीट निघाली म्हना," आणि सगळे हसले. ते हसू कावरखेंच्या आत जाऊन बसलं. नोकरीत त्यांचा संशय आठ तासांचा होता, आता तो दिवसभराचा झाला. गॅसवाल्याचा फोन आला तरी ते आधी त्याला त्याच्या एजन्सीचा पत्ता विचारायचे. अनोळखी नंबर असला तर उचलायचेच नाहीत. बायको, पद्माबाई, वैतागून म्हणायची की एक दिवस माझं पण ओळखपत्र मागाल.

यंदा प्रियदर्शनी पोळ्याच्या आधी पंधरा दिवसांसाठी घरी आली. जेवताना तिनं सांगितलं की सप्टेंबरमध्ये तिला हिमाचलात लाहौल-स्पितीला जायचं आहे. तिथं एका हिमनदीच्या पायथ्याशी तरुण संशोधकांसाठी दहा दिवसांची प्रशिक्षण छावणी आहे. देशभरातून वीस जण निवडलेत. बर्फात खांब कसे रोवायचे, खड्डा खणून बर्फाचे थर कसे मोजायचे, एकमेकांना दोरानं बांधून कसं चालायचं, हे सगळं तिथं प्रत्यक्ष करायचं. शेवटी मनालीला दोन दिवसांची बैठक, तिथं ध्रुवांवर आणि हिमालयात काम केलेले जुनेजाणते शास्त्रज्ञ येणार. प्रवास, राहणं, खाणं सगळं तेच बघणार.

"सगळं तेच?" कावरखेंनी विचारलं.

"व्हय अप्पा. सगळं."

कावरखेंनी पुढं काही विचारलं नाही, भाकरीचा तुकडा मोडला. त्यांची रीतच तशी होती. संशय आला की ते बोलणं थांबवायचे. गप्प राहिलं की समोरचा माणूस आपणहून जास्त बोलतो, हा एकोणीस वर्षांचा अनुभव. पण प्रियदर्शनीही गप्प राहिली. ते त्यांना जास्तच खटकलं.

दुसऱ्या दिवशी तिनं एक अर्ज छापून आणायला त्यांच्याकडे दिला. डेपोसमोर फारुकभाईंचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान होतं. कावरखे नोकरीत असल्यापासून दोघांची बैठक तिथंच. फारुकभाईंना इंग्रजी चांगलं यायचं आणि कागद वाचायची हौसही होती. कावरखेंनी अर्ज त्यांच्यापुढं ठेवला आणि म्हणाले, यात काय काय विचारलंय ते सगळं सांगा, एक ओळ सोडू नका.

फारुकभाईंनी वाचून सांगितलं. रक्तगट. दम्याचा त्रास आहे का. बुटाचा नंबर. काही बरंवाईट झालं तर कळवायचं कुणाला, त्या माणसाचं नाव आणि फोन. घरच्यांची संमती आणि सही. वर ना झेंडा, ना शिक्का, साध्या काळ्या अक्षरांत छावणीचं नाव आणि एक ई-मेल.

"बुटाचा नंबर कशाला पायजे या लोकायला?" कावरखे म्हणाले. "आन बरंवाईट झालं तर म्हंजे काय होनार हाय?"

फारुकभाईंना तेवढं वावगं वाटत नव्हतं. त्यांचं म्हणणं, खोट्या माणसाचा कागद इतका गबाळा नसतो, तो नटवून आणतो. पण कावरखेंनी ते ऐकून घेतलं नाही. बँकॉकवाल्यांनी नटवला होता, हे लोक साधेपणाचं सोंग आणत असतील. अर्जावर खाली एक फोन नंबर होता. तो कावरखेंनी फारुकभाईंच्याच फोनवरून लावला.

पलीकडे एक मुलगी बोलली, सपना नाव सांगितलं, छावणीच्या कार्यालयात नुकतीच लागलेय म्हणाली. कावरखेंनी आपण कोण ते सांगितलं नाही. छावणी कुठं, जेवण कोण बनवतं, डॉक्टर बरोबर असतो का, असे दहा-बारा प्रश्न हिंदीतून विचारले. तिची उत्तरं सरळ होती, कुठं अडखळली नाही. कावरखेंचा हात जरा सैल पडला. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, निवडलेल्या वीस जणांत प्रियदर्शनी शिवशंकर कावरखे कितव्या नंबरला आहे?

मुलीनं यादी चाळली. दोनदा चाळली. मग म्हणाली, या नावाचं कुणीच यादीत नाही.

कावरखेंनी फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा तपासणीच्या वेळचा झाला होता. फारुकभाई म्हणाले, लेकीला विचारा, काही चूक झाली असेल. कावरखे उठून घराकडे निघाले. आतापर्यंत संशय परक्या लोकांवर होता, तोवर त्याचं ओझं वाटत नव्हतं. आता तो स्वतःच्या घराकडे तोंड करून उभा होता.

पुढचे तीन दिवस त्यांनी घरात बसून पाळत ठेवली. प्रियदर्शनी दुपारी दार लोटून घ्यायची आणि आतून तिचं इंग्रजी बोलणं ऐकू यायचं, तेच तेच वाक्य चार-पाच वेळा. फोनवर प्रमोद म्हणून कुणाचं नाव वरचेवर यायचं. "प्रमोद, दोर मी घेते, तू तंबूचं बघ," हे त्यांनी स्वतःच्या कानानं ऐकलं, आणि डॉक्टरचे दाखले माझ्याकडेच पाठवा असं ती कुणाला तरी सांगत होती तेही. ती आंघोळीला गेली असताना त्यांनी तिची मोठी पाठपिशवी उघडली. त्यात लांबच्या लांब रंगीत दोर, लोखंडी कड्या, एक शिट्टी आणि दोन माणसांना पुरतील एवढी औषधं होती. शिकायला जाणारं पोरगं एक वही नेतं. हे सामान कुठल्या शाळेचं?

पद्माबाईनं त्यांना पिशवी बंद करताना बघितलं. ती म्हणाली, मनात काय हाय ते पोरीला सरळ विचारा ना.

"सरळ विचारलं की मानूस सरळ खोटं बोलते," कावरखे म्हणाले.

पद्माबाईनं पिशवी जागेवर सरकवली. ती स्वयंपाकघरात गेली, आणि त्या दिवशी तिनं त्यांना चहा विचारला नाही.

चौथ्या दिवशी ते पुन्हा फारुकभाईंच्या दुकानात गेले. छावणीच्या प्रमुखांना एक पत्र लिहायचं म्हणाले. मजकूर त्यांनी बोलून दाखवला, फारुकभाईंनी इंग्रजीत उतरवला. तुमच्या यादीत नाव नसलेली प्रियदर्शनी कावरखे नावाची मुलगी तुमच्या छावणीचं नाव सांगून जाणार असल्याचं बोलते आहे. ती अर्ज आणि डॉक्टरचे दाखले गोळा करते आहे. यात काय खरं काय खोटं याची आपण चौकशी करावी. खाली नाव काय टाकू म्हणून फारुकभाईंनी विचारलं.

"नाव काहून? एक जागरूक नागरिक टाका."

फारुकभाईंचा हात थांबला. बाप आहे म्हणून लिहिलं तर ते समजून घेतील, असं त्यांनी सुचवलं. कावरखे म्हणाले की बाप म्हणून लिहिलं की समोरचे लोक समजूत काढतात, खरं सांगत नाहीत. पत्र तसंच गेलं.

दोन दिवसांनी सकाळी प्रियदर्शनीला फोन आला. ती अंगणात उभं राहून बोलत होती. फोन संपला तरी ती तिथंच उभी राहिली. पद्माबाईनं हाक मारली तेव्हा ती आत येऊन खाटेवर बसली आणि तिनं सांगितलं की छावणीतून तिला तूर्त बाजूला केलं आहे. तिच्याविरुद्ध निनावी तक्रार आली आहे. चौकशी होईपर्यंत तिनं कुणाशीही छावणीच्या नावानं बोलायचं नाही.

"पर तू यादीतच नव्हतीस ना," कावरखेंच्या तोंडून निघून गेलं.

ती त्यांच्याकडे वळली. यादीचं अप्पांना कसं माहीत, हे तिच्या लक्षात आलं नसावं, कारण ती आपल्याच तंद्रीत बोलत होती. "यादी शिकनाऱ्यांची हाय अप्पा. मी शिकवनाऱ्यांत हाय."

मग सगळं बाहेर आलं. तीन उन्हाळे हिमनदीवर काढल्यावर तिला यंदा पहिल्यांदा प्रशिक्षक म्हणून बोलावलं होतं. सहा प्रशिक्षकांत सगळ्यांत लहान ती. वीस मुलांचे डॉक्टरचे दाखले गोळा करायचं काम तिच्याकडेच दिलं होतं, आणि तक्रारीत नेमकं तेच लिहिलं होतं की ही मुलगी दाखले गोळा करते आहे. मागच्या वर्षी कुण्या भामट्यानं याच छावणीचं नाव वापरून विद्यार्थ्यांकडून पैसे उकळले होते. तेव्हापासून त्यांचा नियम झाला होता की तक्रार आली की आधी माणूस बाजूला, मग चौकशी. घरी तिनं सांगितलं नव्हतं, कारण बँकॉकच्या वेळी पेढे वाटून झाल्यावर तोंड लपवायची पाळी तिच्यावर आली होती. यंदा छावणी नीट पार पडल्यावरच सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. दुपारी दार लोटून ती शिकवण्याची तयारी करत होती, आणि छापायला दिलेला अर्ज बर्फावर जाणाऱ्या प्रत्येकाला, प्रशिक्षकालासुद्धा, भरावा लागायचा.

कावरखे ऐकत होते. त्यांना बसवत नव्हतं आणि उठवतही नव्हतं.

प्रियदर्शनी मात्र तक्रार कुणी केली असेल याच्याच मागे लागली. दाखले तिच्याकडे येतात हे बाहेरच्या कुणाला माहीत असणार? तिनं बाकीचे पाचही प्रशिक्षक एकेक करून तपासले. बाप जसा सीटवरून सीटवर जायचा तशीच ती नावावरून नावावर जात होती, आणि शेवटी प्रमोदवर येऊन थांबली. प्रमोद डेहराडूनचा, आजवर दोराचं काम शिकवणारा, तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. दोरांचं काम यंदा तिच्याकडे दिलं तेव्हा त्याला ते आवडलं नव्हतं, असं तिला आता आठवत होतं. त्या आधी तिला तसं कधी वाटलं नव्हतं. दिवसभरात तिनं त्याच्या जुन्या बोलण्यातून तीन पुरावे शोधून काढले. संध्याकाळपर्यंत तिची खात्री झाली होती. उद्या सकाळी छावणीच्या प्रमुखबाईंना लिहून कळवते, म्हणाली.

कावरखेंनी त्या संध्याकाळी जेवण केलं नाही. रस्त्यानं चालत मार्केट यार्डापर्यंत गेले आणि हळदीच्या ढिगांजवळून परत आले. कुणाला भेटले नाहीत. त्यांनी आयुष्यात शेकडो लोकांना गाडीतून उतरवलं होतं, आणि त्यातला एकही निरपराध नव्हता असं ते नेहमी सांगायचे. ते खरंच तसं होतं का, हे त्यांना पहिल्यांदा नीट आठवून बघावंसं वाटलं. एक म्हातारी आठवली, डोंगरकडा गावाच्या गाडीतली. तिकीट होतं म्हणत होती, पण सापडत नव्हतं. उतरून गेल्यावर सीटच्या फटीत एक तिकीट मिळालं होतं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

सकाळी प्रियदर्शनी लॅपटॉप उघडून बसली. प्रमोदचं नाव लिहायला तिनं सुरुवात केली असेल नसेल, तोच कावरखे समोर येऊन उभे राहिले.

"त्या पोराचं नाव लिहू नको," ते म्हणाले. "ते पत्र मी लिवलं."

तिला वाटलं, अप्पा तिची समजूत काढताहेत. तिनं मान हलवली आणि पुन्हा लिहायला लागली. तेव्हा त्यांनी पत्रातला मजकूर सांगितला, ओळीनं, शेवटच्या जागरूक नागरिकासकट. सपनाला केलेला फोन सांगितला. पिशवी उघडली तेही सांगितलं.

प्रियदर्शनी रडली नाही. तिनं लॅपटॉप मिटला.

"दुनियेवर इस्वास न्हाई, ते मी समजते," ती म्हणाली. "पर माज्यावर पन न्हाई?"

कावरखेंनी मिटलेला लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. पद्माबाई दारात उभी होती. कावरखे म्हणाले की प्रमुखबाईंना फोन लाव, मी बोलतो. प्रियदर्शनी म्हणाली की याच्यानं आणखी हसं होईल. ते म्हणाले, होऊ दे.

प्रमुखबाई पडद्यावर दिसल्या त्या साठीच्या, पिकल्या केसांच्या. दोनदा अंटार्क्टिकाला जाऊन आल्या होत्या असं प्रियदर्शनीनं आधी सांगून ठेवलं होतं. कावरखेंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खुर्चीत ताठ बसले होते. हिंदीत त्यांनी सांगितलं की जागरूक नागरिक म्हणजे मीच, या मुलीचा बाप. बाईंनी शांतपणे विचारलं की मग नाव का लिहिलं नाही. कावरखे म्हणाले की एकोणीस वर्षं तिकिटं तपासली, मॅडम, कागद बघायची सवय लागली, माणूस बघायचा राहून गेला.

बाई हसल्या नाहीत. नियम आहे तो आहे, म्हणाल्या, आपल्या नावानं आणि सहीनं लेखी द्या, मग बघते. कावरखे फारुकभाईंकडे गेले. या वेळी खाली पूर्ण नाव, निवृत्त पद आणि घरचा पत्ता टाकला. फारुकभाईंनी ते छापलं, कावरखेंनी सही केली, फारुकभाईंनी कागद मशीनवर ठेवून पाठवून दिला आणि झेरॉक्सचे पैसे घेतले नाहीत. तिसऱ्या दिवशी प्रियदर्शनीला पुन्हा घेतल्याचं उत्तर आलं. त्यात एक ओळ होती की दाखले गोळा करण्याचं काम मात्र यापुढं कार्यालय करेल. ती ओळ वाचताना तिचा आवाज जरा उतरला, ते कावरखेंच्या ध्यानात आलं.

जायच्या आधी तिनं घरूनच वीस मुलांचा पहिला वर्ग घेतला, लॅपटॉपवर. आता दार लोटलेलं नव्हतं. कोण कोचीचं, कोण गुवाहाटीचं, कोण श्रीनगरचं. ती हिंदी आणि इंग्रजी मिसळून बोलत होती. वरून सपाट दिसणाऱ्या बर्फाखाली भेग असू शकते, तेव्हा लांब काठीनं खाली टोचून बघितल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, असं तिनं सांगितलं. एका मुलानं विचारलं, आणि टोचूनही कळलं नाही तर? ती म्हणाली, म्हणून तर दोर बांधायचा. दोराच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो, त्याच्यावर भरवसा ठेवायचा. कावरखे ओट्यावर पेपर घेऊन बसले होते. त्या अर्ध्या तासात त्यांनी पान उलटलं नाही.

प्रियदर्शनी दिल्लीकडच्या गाडीनं गेली. स्टेशनवर ती आईच्या गळ्यात पडली आणि वडिलांना वाकून नमस्कार केला, पण बोलली फारसं नाही. त्यांच्यातलं अवघडलेपण गेलं नव्हतं. छावणीत मोबाईलला रेंज नाही, दहा दिवस फोन येणार नाही, एवढं तिनं सांगितलं होतं.

सहाव्या दिवशी दुपारी कावरखेंच्या फोनवर एक लांबलचक, विचित्र आकडा आला. त्यांनी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. असल्या आकड्यांवरून बँकेचं खातं रिकामं करतात, असं त्यांनी पेपरात वाचलं होतं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ते हात धुवायला गेले होते आणि पद्माबाईनं उचलला. छावणीतला उपग्रहाचा फोन होता, सरकारी परवानगीचा. प्रत्येकाला घरी बोलायला दोन मिनिटं दिली होती. कावरखे ओल्या हातानं धावत येईपर्यंत पद्माबाईचं बोलणं संपत आलं होतं.

"काय म्हनली?" त्यांनी विचारलं.

"बरी हाय म्हनली. दोन पोरांना उंचीचा त्रास झाला, खाली नेलं त्यायला. थंडी लय हाय." पद्माबाईनं फोन त्यांच्या हातात दिला. "म्हनली, अप्पांनी दोनदा कापला असंल."

कावरखेंनी एक ओला हात शर्टाला पुसला. मग त्यांनी तो आकडा लेकीच्या नावानं फोनमध्ये जतन केला, जरी त्यावरून पुन्हा कधी फोन येणार नव्हता.

ती परत आली तेव्हा तिच्या नाकाची साल निघाली होती आणि ओठ फुटले होते. मनालीच्या बैठकीतून तिला नॉर्वेतल्या एका शाळेचं बोलावणं मिळालं होतं. ध्रुवीय संशोधनातल्या नव्या लोकांसाठी दोन आठवडे, पुढच्या उन्हाळ्यात. जेवण झाल्यावर तिनं ते पत्र कावरखेंपुढं ठेवलं आणि म्हणाली, "घ्या अप्पा, तपासा."

ती टोमणा मारते आहे का, हे त्यांना कळेना. तिचा चेहरा तसा नव्हता. आमच्यातल्या कुणालाच हे नीट तपासता येत नाही, तिनं सांगितलं, मनालीलाही सगळे तेच विचारत होते की खरी परिषद कुठली आणि खोटी कुठली, कसं ओळखायचं. कावरखेंनी चष्मा लावला. मग त्यांनी तिला विचारलं, सरळ, आडून नाही: या लोकांना तू ओळखतेस का? तुझ्या ओळखीचं कुणी तिथं जाऊन आलंय का? ती म्हणाली, प्रमोद जाऊन आलाय. मग त्याचा नंबर दे, ते म्हणाले, त्याच्याशी बोलतो आणि आपलं नाव सांगून बोलतो. ते बोलले. प्रमोदला त्या निनावी पत्राचं काहीच माहीत नव्हतं. त्याच्यावर एक दिवस काय संशय आला होता, तेही कावरखेंनीच त्याला सांगून टाकलं. पोरगं म्हणालं की दोराचं काम प्रियदर्शनीकडे गेलं तेव्हा खरंच थोडं वाईट वाटलं होतं.

नॉर्वेचं पत्र खरं निघालं. प्रियदर्शनीनं ते मैत्रिणींना सांगितलं, आणि मग फारुकभाईंच्या दुकानातल्या ई-मेलवर तपासायला एकेक निमंत्रण येऊ लागलं. पाठवणाऱ्या मुली कुणी आसामच्या, कुणी काश्मीरच्या, ज्यांना कावरखेंनी कधी बघितलं नव्हतं आणि ज्यांनी हिंगोली नकाशात शोधून काढली होती. आठवड्यातून दोनदा कावरखे दुकानात जाऊन बसतात. फारुकभाई वाचून दाखवतात, कावरखे प्रश्न काढतात. मागच्या महिन्यात सिंगापूरच्या एका हिमशास्त्र संमेलनाचं निमंत्रण आलं, सोनेरी कडांचं. ते पाठवणारी गुवाहाटीची पोरगी फार आनंदात होती. कावरखेंनी फारुकभाईंना त्या हॉटेलला फोन लावायला सांगितला आणि त्या तारखांना तुमच्या हॉलमध्ये काय आहे ते विचारायला लावलं. कुणाचं तरी लग्न होतं.

पोरीला कळवायचं काम फारुकभाई करणार होते. कावरखेंनी फोन मागून घेतला. "मी सांगतो," ते म्हणाले, "तिला वाईट वाटंल." त्यांनी आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग गावाचं, आणि मग तिला बँकॉकची गोष्ट सुरुवातीपासून सांगायला घेतली.